दोन पावलं मागे

मी चष्मा आहे, पण मला घातलं की समोरचं काही दिसत नाही. माझं कामच ते. आधी तुमचं जग झाकायचं, मग दुसरं दाखवायचं.

सध्या मी एका लोखंडी कपाटात आहे, खालच्या कप्प्यात, जुन्या हजेरीपटांच्या गठ्ठ्यावर. कपाटाची किल्ली एका म्हाताऱ्याच्या शर्टाच्या खिशात आहे आणि तो म्हातारा दोन दिवसांपूर्वी गेला तो अजून आलेला नाही. तेवढ्यात बोलून घेतो. मला पुसायचा हुकूम सुटलाय, आणि एकदा पुसलं की माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या खोलीत झाला. डोक्याला जाळीच्या टोप्या घातलेल्या बायका एका ओळीत बसायच्या आणि प्रत्येकीला एकेकच काम. एक बाई दिवसभर फक्त डावं भिंग बसवायची. त्या भिंगातून काय दिसतं हे तिला कोणी दाखवलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं. शेवटच्या टेबलावर मला एका प्लास्टिकच्या डोक्यावर चढवलं, इकडून तिकडे फिरवलं, आणि पास म्हणून शिक्का मारला.

मी नक्की काय करतो ते आधी सांगतो, कारण ज्यांनी मला वापरलं त्यांच्यातल्या दोघींनाच ते समजलं होतं. एक डोळा मिटून नाकासमोर बोट धरा. आता तो उघडा आणि दुसरा मिटा. बोट सरकलं ना? तुमचे दोन डोळे रोज दोन वेगळी चित्रं बघतात आणि तुमचा मेंदू ती जोडून सांगतो की हे जवळ आहे, ते लांब आहे. मी तेच करतो. डाव्या भिंगामागे एक चित्र, उजव्या भिंगामागे तेच चित्र जरासं सरकवलेलं. मेंदू बिचारा सवयीने जोडतो आणि तुम्हाला जवळ-लांब दिसायला लागतं. मान वळवली की त्याच क्षणी मीही चित्र वळवतो. खाली बघितलं की खालचं दाखवतो. एवढ्यावर माणसं मला अख्खं जग मानून मोकळी होतात. मराठीत याला भारदस्त नाव आहे, आभासी वास्तव. त्यातलं वास्तव सगळ्यांच्या लक्षात राहतं, आभासी कोणाच्याच नाही.

मला विकत घेतलं एका प्रशिक्षण केंद्राने. तिथे गवंडीकाम, वेल्डिंग, रंगकाम असं शिकवतात. केंद्राचा प्रमुख म्हणजे साहेब. साहेबांना नवीन वस्तूंचं वेड होतं, आणि जुन्या माणसांना त्या वस्तूंच्या समोर उभं करून फोटो काढायचं त्याहून जास्त.

पहिल्या दिवशी सगळा स्टाफ गोल उभा राहिला आणि साहेबांनीच मला डोक्यावर चढवलं. मी त्यांना एक सुंदर खोली दाखवली. खिडकी, टेबल, टेबलापाशी खुर्ची. साहेब वा वा म्हणत चार पावलं चालले आणि ऐटीत त्या खुर्चीवर बसले.

खुर्ची माझ्यात होती. खोलीत नव्हती.

साहेब धपकन फरशीवर बसले. सगळ्यांनी हसू दाबलं, शिपायाला ते जमलं नाही. साहेब कंबर चोळत उठले आणि म्हणाले, "बघा, किती खरं वाटतं." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मी विसरलेलो नाही. एक माणूस आपटला, आणि त्यातून सगळ्यांनी मिळून धडा काढला तो हा, की यंत्र भारी आहे.

माझ्यासोबत हातात धरायचा एक दांडा आला होता. दांडा हलवला की माझ्यात रंग मारायची गन हलते. मला रंगकामाच्या खोलीत नेलं आणि तिथल्या मास्तरांच्या स्वाधीन केलं.

मास्तर म्हणजे तीस वर्षं बसगाड्या रंगवलेला माणूस. शेडमध्ये, थिनरच्या वाफेत, तोंडाला फार तर एक रुमाल बांधून. हात असा की बसच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक ओघळ सापडायचा नाही. छाती मात्र गेली होती. केंद्राच्या चार पायऱ्या चढल्या की मास्तर सूचना फलकापाशी थांबायचे आणि वाचल्यासारखं करायचे. फलकावरच्या सूचना दोन वर्षांपूर्वीच्या होत्या.

मला बघून ते म्हणाले, "हे टोपडं रंग शिकवणार?" तेच माझं नाव पडलं. तान्ह्या बाळाला बांधतात तसं मला डोक्याला बांधावं लागतं, म्हणून टोपडं.

बांधलं एकदाचं. मी त्यांना लोखंडी पत्र्याची मोठी भिंत दाखवली. त्यांनी दांडा उचलला, वीतभर अंतर धरलं, मनगट न वळवता हात सरळ नेला, आणि पत्र्यावर पट्टा उमटला. दुसरा पट्टा पहिल्यावर निम्मा चढवला. मग सवयीने दोन पावलं मागे आले, मान तिरकी करून बघितलं, आणि नाक ओढलं.

"वास नाही," ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात.

मला काढून ते खुर्चीवर बसले, खऱ्या. जरा वेळाने पुन्हा तेच म्हणाले, "वासच नाही." या वेळी सूर बदलला होता. त्यांच्या डोक्यात कोण आलं होतं ते मला पुढच्या आठवड्यात कळलं.

ती त्यांची मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसली तर शपथ. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला ती वर्गातून उठली ती परत गेलीच नाही, आणि महिनाभर घरी पत्ता लागू दिला नाही. रोज दप्तर घेऊन निघायची आणि बापाच्या जुन्या शेडमध्ये जाऊन बसगाड्यांना रंग मारताना बघत बसायची. पकडली गेली तेव्हा काका, आत्या, शेजारी, सगळे तिला समजवायला येऊन गेले. समजवणं म्हणजे काय, तर आळीपाळीने तोंडसुख घेणं. तिला रंगकाम शिकायचं होतं. हे एवढं साधं वाक्य ऐकायला एकही मोठा माणूस गप्प बसला नाही.

मास्तरांनी तिच्याशी अबोला धरला. मग मी आलो, आणि अबोला सुटला. मला वास नाही, मला थिनर नाही. आपली पोर आपला हात शिकेल आणि आपली छाती घेणार नाही, असा हिशेब त्यांनी मनात मांडला. प्रेम होतं, मी नाही म्हणत नाही. पण त्या प्रेमाला वाटत होतं की आपल्याला सगळं कळतं.

तिच्या पहिल्या दिवशी ती "बाबा" म्हणाली तर त्यांनी तिथेच तोडलं. "इथे मास्तर."

"बरं, मास्तर. घरी गेल्यावर परत बाबा होणार का कायमचेच मास्तर?"

"तोंड कमी, हात जास्त."

तिचा हात खरंच बापाचा होता. पण तिच्यात आणखी एक गोष्ट होती, जी बापात नव्हती. ती विचारायची. मला उलटंपालटं करून बघायची, भिंगांवर फुंकर मारायची, माझ्या अंगावरचे बारके कॅमेरे मोजायची. हे कशाला, ते कशाला. माझ्या कडेचा फोम तिच्या कपाळाला काचायचा, पुरळ उठायचं. तिची आई शिवणकाम करते. तिने उरलेल्या फुलाफुलांच्या कापडाची गादी शिवून दिली आणि भिंगरीने ती माझ्या आतल्या कडेला लावली. अख्ख्या केंद्रात फुलं असलेला मी एकटाच.

आता जाळीबद्दल सांगायला हवं.

मला घातलेला माणूस आंधळा असतो. भिंतीवर आपटू शकतो. म्हणून वापरण्याआधी दांड्याने फरशीवर एक रेघ आखायची असते, की एवढ्या जागेत वावर. रेघेजवळ पोचलात की तुमच्या दोन्ही बाजूंनी निळी जाळी उभी राहते आणि हातातला दांडा थरथरतो. थांबा, पुढे खरी भिंत आहे. ही रेघ मी आखत नाही. माणूस आखतो. रंगकामाच्या खोलीत ती मास्तरांनी आखली. पत्र्याच्या भिंतीपासून मागे, मोजून दोन पावलांवर.

कारण मास्तरांची शिकवणच ती होती. एक चौकोन रंगवून झाला की दोन पावलं मागे यायचं आणि उजेडाच्या रेषेत बघायचं. "जवळून सगळंच बरं दिसतं," असं ते म्हणायचे. बसगाड्यांच्या शेडमध्ये मागे सपाट जमीन होती. तीस वर्षं ते सपाट जमिनीवर मागे येत राहिले. उंचावर त्यांनी आयुष्यात कधी रंग मारला नव्हता.

आणि माझ्यातला सराव होता उंचावरचा. मोठी पाण्याची टाकी, तिच्याभोवती परांची, परांचीवर फळ्या. खाली बघितलं तर माणसं मुंग्यांएवढी. पहिल्यांदा भिंगरीने खाली बघितलं तेव्हा तिच्या श्वासाच्या वाफेने माझी भिंगं धुरकट झाली. पण हळूहळू तिच्या पायांना उमगलं की आपण केंद्राच्या फरशीवरच आहोत.

तिने ते बापाला सांगितलंही. जेवणाची सुट्टी होती, ती डबा उघडून बसली होती, मी तिच्या मांडीवर. ती म्हणाली, "मास्तर, यात डोळे वर असतात आणि पाय खाली. डोळ्यांना भीती वाटते, पायांना वाटतच नाही. पाय काहीच शिकत नाहीयेत."

"पाय रंग मारतात का?" मास्तर म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

ती पण हसली. पुढे म्हणाली की निदान एक दिवस खऱ्या फळीवर उभं राहू द्या, गन नको, रंग नको, नुसतं उभं राहते. मास्तर म्हणाले बघू. बघू म्हणजे नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

माझ्यात प्रत्येक सराव जपून ठेवला जातो. डोकं कुठे होतं, हात कुठे होता, सगळं, अगदी आवाजासकट. नंतर लावून बघितलं की हवेत एक फिकट मुखवटा दिसतो आणि त्याच्या पुढ्यात गन. भिंगरीचे एक्केचाळीस सराव माझ्याकडे आहेत. पहिल्या आठात प्रत्येक वेळी एक गोष्ट घडते. चौकोन संपतो, मुखवटा वळतो, खांद्यावरून मागे बघतो, आणि मगच मागे येतो.

प्रत्येक वेळी. तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती मुळातच सावध होती.

नवव्या सरावात तिने असंच मागे वळून बघितलं आणि मास्तर चिडले. बघण्यात वेळ जातो, तोवर रंगाची ओली चमक मरते आणि चूक दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते ओरडले, "मागे काय बघतेस सारखी? जाळी आहे ना मागे. समोर बघ."

"सवय लागेल, मास्तर."

"लागू दे. चांगलीच सवय आहे."

दहाव्या सरावात तिची मान अर्धी वळली आणि थांबली. अकराव्यात वळलीच नाही. त्यानंतर कधीच नाही. ती सरळ दोन पावलं मागे यायची, जाळी उभी राहायची, दांडा थरथरायचा, ती थांबायची. डावीकडे मान कलती करून, सूर नसलेलं काहीतरी गुणगुणत आपलं काम न्याहाळायची. तीस-एक सराव मी तिला अडवलं. दर वेळी अडवलं. आणि दर वेळी तिच्या मनात पक्कं केलं की मागे कोणीतरी आहे.

माझी जाळी खोलीची भिंत दाखवते. उंचीचा काठ मला कळत नाही. हे केंद्रात कोणी कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही, आणि जी विचारायची तिला सांगितलं गेलं की तोंड कमी.

शंभर तास भरले. एका कंत्राटदाराला टाकी रंगवायला माणसं हवी होती, सोमवारपासून. साहेबांनी प्रमाणपत्र छापून घेतलं. त्यावर लिहिलं होतं की प्रशिक्षणार्थीने उंचावरील कामाचा संपूर्ण अनुभव घेतला आहे. मास्तरांनी सही केली. भिंगरी म्हणाली, "अनुभव?" साहेब म्हणाले की अगं, तसंच लिहितात.

जाताना तिने मला पुसलं, दांडा जागेवर ठेवला, आणि माझ्या कपाळावर टिचकी मारली. "चल टोपड्या. आता खरं." फुलांची गादी ती माझ्यावरच ठेवून गेली. पुढच्या कोणाला काचू नये म्हणून.

सोमवारी मी कपाटात होतो. जे कळलं ते कपाटासमोर उभं राहून सांगणाऱ्या माणसाकडून. तिच्या शेजारच्या फळीवर रंग मारणारा तो रंगारी, साहेबांना हकीकत द्यायला आला होता.

त्याने सांगितलं की पोरीचा हात बघून सगळे गप्प झाले होते. डोक्याएवढा उंच चौकोन, एक ओघळ नाही, संत्र्याच्या सालीसारखी खरखर नाही. कमरेला पट्टा होता, पण त्याचा हूक दोरीला अडकवायचा असतो, तो मोकळाच लोंबत होता. माझ्यात हूक नव्हता. आणि तिच्या पाठीमागच्या बाजूने रंगाचे डबे वर ओढायचे म्हणून तिथला कठडा काढून ठेवला होता. ती "बघू कसा आलाय" म्हणाली आणि मागे आली. एक पाऊल. दोन पावलं.

"ओरडली का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. वेळच नव्हता. तिला बहुतेक कळलंच नाही, साहेब. ती रंगाकडेच बघत होती."

तिच्या हातात त्या दिवशी खरी गन होती. खरी गन थरथरत नाही.

मग माणसं जमली. काका म्हणाले की कॉलेज सोडलं तेव्हाच मी सांगत होतो. आत्या म्हणाली की हल्लीच्या मुलींचं चित्त थाऱ्यावर नसतं. साहेबांनी अहवाल लिहिला. त्यात लिहिलं, मागे न पाहता निष्काळजीपणे वावरल्यामुळे. निष्काळजीपणे. मी तिचं डोकं शंभर तास धरून होतो, आणि अहवाल लिहिणाऱ्याने तिला प्रमाणपत्र देताना एकदा बघितलं होतं. त्या अहवालाखाली प्रशिक्षक म्हणून सही लागत होती. मास्तरांनी केली. न वाचता केली असं म्हणायला मला आवडलं असतं. त्यांनी वाचून केली. घरीही त्यांनी हेच सांगितलं, की तिने मागे बघितलं नाही.

मला वाटतं त्यांचा त्यावर विश्वासही बसला होता. मोठ्या माणसांना हे जमतं. एखादी गोष्ट चार वेळा मोठ्याने बोलली की ती त्यांना घडल्यासारखी आठवायला लागते.

तीन आठवड्यांनी आई आली. केंद्रात पहिल्यांदाच. भिंगरीचा रंगकामाचा अंगरखा आणि डबा न्यायला. मास्तर सूचना फलकापाशी थांबले होते, ती त्यांना मागे टाकून रंगकामाच्या खोलीत आली. टेबलावर मी होतो. तिने मला उचललं आणि आतल्या गादीवरून बोट फिरवलं. टाका ओळखला. कपाळाच्या जागी कापड जरा कडक झालं होतं, घामाने.

"यात शिकायची?" तिने विचारलं.

मास्तर हो म्हणाले.

"मला बघायचंय."

त्यांनी तिला माझे पट्टे बांधून दिले. चुकून त्यांनी पहिल्याऐवजी नववा सराव लावला. मी टाकी दाखवली, फळ्या दाखवल्या, आणि पुढ्यात तो फिकट मुखवटा.

"चेहरा कुठाय?" आई म्हणाली.

चेहरा माझ्याकडे नाही. चेहऱ्याला इतका चिकटून होतो की कधी दिसलाच नाही. मास्तर म्हणाले की तेवढंच असतं त्यात, डोकं आणि हात. समोर गन डावीकडून उजवीकडे जात होती. मग काम थांबलं, मुखवटा डावीकडे कलला आणि गुणगुणायला लागला.

"तीच," आई एवढंच म्हणाली. तिने हात पुढे केला, मुखवट्याच्या गालापाशी. बोटं आरपार गेली. पुन्हा नेली. पुन्हा आरपार. मी काय आहे ते तिला त्या दोन खेपांत कळलं, साहेबांना नसलेल्या खुर्चीवरून पडूनही कळलं नव्हतं.

तेवढ्यात मुखवटा वळला. खांद्यावरून मागे बघितलं. आणि माझ्यातून मास्तरांचा आवाज आला.

मागे काय बघतेस सारखी? जाळी आहे ना मागे. समोर बघ.

आईने पुढचंही ऐकलं, सवय लागेल, आणि लागू दे, चांगलीच सवय आहे. मग तिने मला सावकाश काढलं. तिचे केस पट्ट्यात अडकले होते, तेही तिने शांतपणे सोडवले.

"अहो, तुम्ही मला सांगितलंत ती मागे बघत नव्हती."

मास्तर दांडा जागेवर ठेवायला वळले.

"ती बघत होती," आई म्हणाली. "तुमचा आवाज आहे यात. घाला. ऐका."

"मला माहीत आहे काय आहे त्यात."

"माहीत असतं तर सही केली नसतीत. घाला."

त्यांनी घातलं. ती समोरच्या स्टुलावर बसून राहिली. त्यांनी नववा ऐकला. मग स्वतःच पहिला लावला, दुसरा, तिसरा, आठपर्यंत, आणि प्रत्येक वेळी पोर मागे वळून बघत होती. दहाव्यात मान अर्धी. अकराव्यात नाही. गादी भिजली. घामाचं पाणी आणि डोळ्यांचं पाणी यातला फरक मला कळतो, घाम कपाळाकडून येतो.

एक्केचाळिसाव्या सरावात ते उठले. मुखवट्याच्या मागे जाऊन उभे राहिले, पाठ त्यांनीच आखलेल्या रेघेवरच्या जाळीला टेकवून, दोन्ही हात पसरून. लहान मूल चालायला शिकताना बाप मागे उभा राहतो तसे. चौकोन संपला. मुखवटा मागे आला. एक पाऊल, दोन पावलं. त्यांच्या हातांतून गेला, छातीतून गेला, आणि त्यांच्याच आत उभा राहून गुणगुणायला लागला.

"भिंगरे," ते म्हणाले. "बाबा म्हण ना."

ती म्हणाली नाही. त्या खोलीत तिला मास्तर म्हणायला सांगितलं होतं, आणि ती ऐकायची.

मास्तरांनी साहेबांना गाठलं, अहवाल बदला म्हणाले. "चूक तिची नव्हती, माझी होती," हे त्यांनी माझ्यासमोर दोनदा म्हटलं. साहेबांनी पाणी मागवलं. समजूत काढली की त्याने पोर परत येणार आहे का, आणि पुढच्या तुकडीच्या तीस मुलांचं काय, केंद्र बंद पडलं तर. मग हळूच म्हणाले की या यंत्रातलं जुनं सगळं पुसून टाका, नवी तुकडी येतेय. तुम्हालाच येतं ते.

मास्तरांनी मला शेवटचं घातलं ते पुसायलाच. मी विचारलं, नेहमीसारखं, सगळे सराव पुसायचे का, हो की नाही. दांडा 'हो'वर गेला. बराच वेळ तिथेच राहिला. दाबताहेत का नाही ते मला कळेना.

त्यांनी दाबलं नाही. मला कपाटात ठेवलं, किल्ली खिशात टाकली, आणि प्रमाणपत्राची प्रत घडी घालून बरोबर घेतली. अपघाताची चौकशी करणाऱ्या कचेरीत जातो असं आईला फोनवर सांगताना मी ऐकलं. पलीकडून आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. ते खरंच तिथे पोचले का, पोचून खरं बोलले का, की वाटेत दम लागून कुठल्या फलकापाशी उभे आहेत, मला माहीत नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही. एका सहीने जे गेलं ते दुसऱ्या सहीने येत नाही. पण त्यांनी पोचावं, असं मला फार वाटतं.

कपाट कोणीतरी उघडेलच. किल्लीने नाही तर हातोड्याने. उघडणारा तू कोणीही असशील, माझं एवढं ऐक. माझी बॅटरी संपलेली असेल, पण आठवण संपत नाही. मला आधी नीट लाव, नववा सराव ऐक. मग पुसायचं तर पूस. आणि माझ्यात कोणाला शिकवणार असशील तर एक दिवस त्याला खऱ्या फळीवर नुसतं उभं राहू दे, आणि तो मागे वळून बघत असेल तर बघू दे.

फुलांची गादी मात्र आईला दे. ती माझी नाही.

तोवर मी इथे आहे, हजेरीपटांवर. बाहेर काय चाललंय ते दिसत नाही. आत टाकी आहे, फळ्या आहेत, ओला रंग चमकतोय. एक्केचाळिसावा सराव संपत आलाय. ती मान कलती करते, न बघता दोन पावलं मागे येते, आणि मी जाळी उभी करतो.